बेण्याची हळद आणि शिजवलेली हळद

हळद काढणीच्या दिवसांत सांगली भागातल्या वावरात दोन ढीग लागलेले असतात. एक शिजवायला निघालेला, दुसरा सावलीत पाल्याखाली झाकून ठेवलेला, पुढच्या लागणीच्या बेण्याचा. दोन्हीकडे तेच कंद, त्यांना चिकटलेली तीच काळी माती. तासाभरात मात्र दोघांत कायमचा फरक पडतो. बेणं मे-जूनमध्ये कोंब काढतं. शिजवून वाळवलेलं हळकुंड कितीही चांगल्या जमिनीत पुरा, ते उगवत नाही.

मग शिजवताना त्यातून गेलं काय? पिष्ट आहे, हळदीला रंग देणारं कुरकुमिन बहुतांश आहे, पिवळा रंग तर उलट आतवर सारखा पसरतो. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचे अणूही जवळपास तेवढेच. सजीवांचं द्रव्यच मुळात निराळं असतं, त्यात काही खास ‘प्राणशक्ती’ असते, असं एके काळी मोठमोठे रसायनशास्त्रज्ञही मानत. १८२८ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश व्होलर यांनी प्राण्याच्या मूत्रपिंडाची मदत न घेता मूत्रातला युरिया प्रयोगशाळेत तयार केला आणि त्या समजुतीला तडा गेला. आज उसाला पोत्यानं घालतो तो कारखान्यातला युरिया रेणूच्या पातळीवर अगदी तोच आहे.

शाळेत आपण सजीवांची लक्षणं पाठ करतो: हालचाल, वाढ, श्वसन, पुनरुत्पादन. ती चुकीची नाहीत, पण एकेकटी घेतली की अपुरी पडतात. साखर कारखान्यातल्या पॅनमध्ये बारीक साखरेचं ‘बी’ टाकलं की त्याभोवती दाणा वाढतो. म्हणून साखर सजीव होत नाही. दाण्यावर बाहेरून थर चढत जातात. हळदीचा कोंब आतून वाढतो आणि लागणारं साहित्यही आतच घडवतो. पुनरुत्पादनाचं म्हणाल तर खेचराला सहसा पिल्लू होत नाही, तरी ते जिवंतच. हळदीलाही फुलं येतात, पण बी सहसा धरत नाही. म्हणून तर बेणं राखावं लागतं.

खरा फरक पाहायचा तर एक प्रयोग घरी करता येतो. दोन घट्ट झाकणाच्या बरण्या घ्या. एकीत मूठभर कोंब आलेली ओली हळद, दुसरीत तेवढीच उकळून गार केलेली. दोन्हींत चुन्याच्या निवळीची एकेक वाटी ठेवा. ओल्या हळदीजवळची निवळी दुधाळ होत जाते, कारण कंद श्वास घेतोय, कार्बन डायऑक्साइड सोडतोय. उकळलेल्या हळदीजवळची आधी तशीच स्वच्छ राहते. पण बरण्या तशाच राहू द्या. काही दिवसांनी उकळलेल्या हळदीवर बुरशी धरते आणि तिची निवळीही गढुळते. आता श्वास बुरशीचा आहे. मला या प्रयोगातला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. जिवंत कंद नुसता पडून नव्हता. तो बुरशीला अडवत होता.

हे अडवणं, राखणं म्हणजेच जिवंतपणाचा गाभा. प्रत्येक पेशीभोवती मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ पापुद्रा असतो. मातीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी पट पोटॅशियम पेशी आत धरून ठेवते. ते सतत बाहेर झिरपू पाहतं, आणि पापुद्र्यातली प्रथिनं ऊर्जा खर्चून त्याला आत ठेवतात. पिष्ट जाळून ती ऊर्जा मिळते. बिघडलेली प्रथिनं मोडायची, नवी घडवायची, तुटलेला डीएनए सांधायचा, हे काम बेण्याच्या विसाव्याच्या काळातही मंद गतीनं चालू असतं. म्हणूनच मोठ्या ढिगाला आतून ऊब येते.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर एखादा भोवरा पाहा. पाणी क्षणाक्षणाला बदलतं, आकार टिकतो. सजीवातूनही द्रव्य असंच वाहत राहतं. पण भोवरा स्वतःची कड स्वतः बांधत नाही, आणि ती कशी बांधायची याची नोंद पुढच्या भोवऱ्याला देत नाही. पेशी या दोन्ही गोष्टी करते. १९४३ मध्ये डब्लिनच्या व्याख्यानांत भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी अशाच दोन गोष्टींवर बोट ठेवलं होतं: सजीव आतली सुव्यवस्था टिकवतो ती बाहेरून सुव्यवस्था घेऊन, आणि तिचा आराखडा रेणूंत लिहिलेला असतो. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा अजून दहा वर्षं होती.

विषाणू या व्याख्येच्या कडेवर बसतो. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूवरच्या मोझॅक रोगाचा विषाणू स्फटिकरूपात मिळवला. ते स्फटिक पुन्हा पानावर चोळले की रोग व्हायचा. विषाणूकडे आराखडा आहे, पण स्वतःचं इंधन जाळण्याची सोय नाही. ती तो दुसऱ्याच्या पेशीतून उसनी घेतो. मी त्याला पेशीबाहेर असताना सजीव म्हणणार नाही, पण याबाबत शास्त्रज्ञांत एकमत नाही, आणि ते नसणं मला रास्त वाटतं.

कंद शिजताना तर ही कड डोळ्यांदेखत ओलांडली जाते. पाणी तापतं तसा पापुद्रा फाटतो, प्रथिनांच्या घड्या उलगडतात, आत-बाहेरचा भेद मिटतो. हळद शिजली का हे शेतकरी काडी टोचून बघतो. ती आरपार गेली की पिष्ट मऊ झालं. कंद मात्र त्याच्या बराच आधी, पाणी उकळायच्याही आत, मेलेला असतो.