वेल लॉगचे वाचन

विंधन विहिरीत केबलने उपकरणे सोडून खोलीनुसार खडकांचे गुणधर्म मोजले जातात. त्या मोजणीच्या आलेखाला वेल लॉग म्हणतात. आलेखावरून खडक कोणता, त्यात पोकळी किती आणि त्या पोकळीत पाणी आहे, तेल आहे की वायू, हे ठरवणे म्हणजे लॉगचे वाचन. हे शास्त्र तेल-वायूच्या शोधातून वाढले. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, तेल-वायूचे व्यापारी उत्पादन होत नाही. इथे लॉग घेतले जातात ते प्रामुख्याने पाण्यासाठी. तरीही विषय समजून घ्यायला हा प्रदेश फार सोयीचा आहे. आलेखावरची एकच रेषा, म्हणजे वक्र, तापीच्या गाळात एक सांगतो, काळ्या पाषाणात (बेसाल्टमध्ये) जवळजवळ उलटे सांगतो आणि पाषाणाखाली दडलेल्या गाळखडकांत त्याचा अर्थ पुन्हा बदलतो.

इतिहास : पहिला विद्युत लॉग ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील अल्सास प्रांतात, पेशेलब्रॉन येथील तेलविहिरीत घेतला गेला. कॉनराड व मार्सेल श्लुम्बर्जे या बंधूंची ही कल्पना. प्रत्यक्ष मोजणी आंरी डॉल याच्या पथकाने केली. उपकरण थोडे वर ओढायचे, थांबायचे, आकडा वाचायचा आणि हाताने कागदावर बिंदू मांडायचा, अशी ती पद्धत होती. १९४२ मध्ये शेल कंपनीतील गस आर्ची याने रोधकता (खडक विजेला किती अडवतो), सच्छिद्रता (खडकात पोकळी किती) व पोकळीतल्या पाण्याचे प्रमाण यांना जोडणारे सूत्र प्रसिद्ध केले. तोवर लॉग हा अनुभवी डोळ्याचा खेळ होता. आर्चीमुळे त्याचे गणित झाले. भारतात १९६० मध्ये सापडलेले गुजरातमधले अंकलेश्वर आणि १९७४ चे मुंबई हाय ही तेलक्षेत्रे, ही या गणिताची मोठी मैदाने. यांपैकी अंकलेश्वर नंदुरबारपासून फारसे दूर नाही.

लॉगवर काय असते : सर्वांत वर शीर्षपट्टी असते. विहिरीचा व्यास, चिखलाचा (ड्रिलिंग मडचा) प्रकार, त्याची रोधकता, तळाचे तापमान हे सारे तिथे लिहिलेले असते. नवखा माणूस ही पट्टी सोडून थेट वक्रांकडे जातो. जाणकार आधी तीच वाचतो. खाली डाव्या रकान्यात गॅमा किरणांचा वक्र असतो. पोटॅशियम, थोरियम व युरेनियम ही किरणोत्सारी द्रव्ये शेलमध्ये (चिकणमातीच्या खडकात) जास्त असल्याने तिथे तो उजवीकडे सरकतो आणि स्वच्छ वाळूखडकात किंवा चुनखडकात डावीकडे येतो. त्याच रकान्यात विहिरीचा व्यास मोजणारा कॅलिपर असतो. भिंत ढासळून भोक फुगले असेल, तर त्या पट्ट्यातील घनतेच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे कॅलिपर सांगतो. मधल्या रकान्यात रोधकतेचे दोन-तीन वक्र असतात. उथळ वक्र चिखलातले पाणी झिरपलेला भिंतीजवळचा खडक पाहतो, खोल वक्र आतला अस्पर्श खडक पाहतो. उजवीकडे घनता व न्यूट्रॉन हे सच्छिद्रतेचे वक्र असतात; न्यूट्रॉनचा वक्र खडकातल्या हायड्रोजनवरून पोकळी अंदाजतो. वायू असला की घनता कमी भरते आणि हायड्रोजन विरळ झाल्याने न्यूट्रॉनची सच्छिद्रताही कमी दिसते. मग हे दोन वक्र एकमेकांना ओलांडतात. स्वच्छ वाळूखडकातली ही ओलांडणी वायूची सर्वांत बोलकी खूण आहे. शेलमध्ये तेच वक्र उलट्या दिशेने फाकतात.

आर्चीचे गणित आणि मुरलेले पाणी : स्वच्छ वाळूखडकाचे कण विजेला वाट देत नाहीत, वीज वाहते ती पोकळीतल्या खाऱ्या पाण्यातून. तेल आणि वायूही विजेला अडवतात. म्हणून सच्छिद्र थरात रोधकता अचानक चढली की तेलाचा संशय येतो. समजा थराची सच्छिद्रता २५ टक्के आहे, पाण्याची रोधकता ०.१ ओहम-मीटर आहे आणि खोल वक्र २० ओहम-मीटर दाखवतो. सूत्रातले दोन्ही घातांक, पहिला सच्छिद्रतेचा व दुसरा पाण्याच्या प्रमाणाचा, २ धरले, तर तोच थर पाण्याने पूर्ण भरलेला असताना ०.१ भागिले ०.२५ चा वर्ग, म्हणजे १.६ ओहम-मीटर दाखवेल. १.६ भागिले २० याचे वर्गमूळ ०.२८. म्हणजे पोकळीत पाणी २८ टक्के आणि उरलेले ७२ टक्के तेल किंवा वायू. आता बाकी सारे तेच ठेवून पाण्याची रोधकता १.२५ धरा. उत्तर येते १०० टक्के पाणी. वक्र तोच, थर तोच. बदलला तो फक्त पाण्याच्या खारेपणाचा अंदाज. म्हणून लॉग तेल दाखवतो हे म्हणणे सैल आहे. तो रोध दाखवतो. तेल वाचणारा काढतो. पाण्याचा नमुना, शेजारच्या विहिरीतला खात्रीचा जलथर आणि तापमानाची दुरुस्ती यांच्याविना काढलेल्या टक्केवारीला फारसा अर्थ नसतो.

तापीच्या गाळात : चोपडा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात तापीचा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. त्यात वाळू, गोटे आणि चिकणमाती यांचे थर आळीपाळीने येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठे दगडगोटे व खडी यांचा बझाडा पट्टा आहे. गाळातली खोल ट्यूबवेल चिखल फिरवत रोटरी रिगने खोदली, की केसिंग टाकण्याआधी लॉग घेण्याची वेळ येते. जाळीचे पाइप कोणत्या खोलीवर बसवायचे आणि आंधळे (बिनछिद्रांचे) कोणत्या, हे त्यावरून ठरते. खोदताना वर आलेल्या खडकाच्या चुऱ्यावर, म्हणजे कटिंगवर, भिस्त ठेवली तर फसगत होते. कटिंग वर यायला वेळ लागतो, वाटेत थरांची सरमिसळ होते आणि चिकणमाती चिखलात विरघळून जाते. त्यामुळे नमुन्यात सगळीकडे वाळूच वाळू दिसते.

इथे रोधकता चढली म्हणजे आनंदच, पण कारण वेगळे. गोड पाण्याची रोधकता १० ओहम-मीटर धरू. सुट्या वाळूची सच्छिद्रता ३० टक्के आणि सूत्रातला पहिला घातांक १.३ घेतला, तर पाण्याने भरलेली वाळू साधारण ४८ ओहम-मीटर दाखवते. चिकणमाती त्याच्या बरीच खाली राहते. म्हणजे वक्र उजवीकडे गेला की जाळी लावायची. समुद्री गाळखडकांच्या सवयीने कोणी या थरात पाण्याची रोधकता ०.१ भरली, तर गणित पाणी १० टक्के आणि तेल ९० टक्के असा निकाल देईल. रावेरच्या केळीबागेखाली तेलसाठा! सॉफ्टवेअर या उत्तराला हरकत घेत नाही, हे विशेष.

विहिरीत आपोआप निर्माण होणारा विद्युतदाब मोजणारा, तेलविहिरीत उपयोगी पडणारा स्वयंविभव वक्र (एसपी) या भागात अनेकदा मुका राहतो. चिखलातले पाणी आणि थरातले पाणी यांच्या खारेपणात फरक असेल तरच तो हलतो. चिखल त्याच परिसरातल्या गोड पाण्यात कालवलेला असेल तर हलायला कारण उरत नाही. गॅमा वक्रही जपून वाचावा लागतो. बेसाल्ट झिजून बनलेल्या चिकणमातीत पोटॅशियम कमी असते, त्यामुळे वाळू व माती यांच्यातला फरक समुद्री शेलइतका ठळक दिसत नाही. शेवटी भर येतो तो रोधकतेवर. हे वाचन चुकले तर शेतकऱ्याला थेट फटका बसतो. जाळी चिकणमातीसमोर बसली तर पंप गढूळ पाणी ओढतो आणि बोअर लवकर बसते. रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. तिथे दरवेळी आणखी खोल जावे लागत असताना अशी चूक परवडत नाही.

काळ्या पाषाणात : तापीपासून दक्षिणेला आणि पश्चिमेला धुळे-नंदुरबारकडे दख्खनचा बेसाल्ट उघडा पडतो. हे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. इथे वाचनाचा नियम उलटतो. घट्ट पाषाणाची रोधकता शेकडो ओहम-मीटरच्या पुढे जाते आणि त्यात पाणी नसते. पाणी असते ते भेगाळ, सच्छिद्र किंवा मुरमाड पट्ट्यात, जिथे रोधकता खाली येते. पण दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या गेरूसारख्या थरातही ती खाली येते, आणि तो थर बहुधा मातकट असतो. म्हणून कमी रोधकता दिसली की लगेच पाणी म्हणू नये. कॅलिपर, तापमानाचा वक्र व खोदताना पाणी नेमके कुठे लागले याची नोंद जोडून पाहावी. धुळे-नंदुरबार भागात बेसाल्टला छेदणारे पूर्व-पश्चिम डाइकही (उभ्या भेगांत थिजलेल्या खडकाच्या भिंती) पुष्कळ आहेत. विहीर त्यांच्याजवळ असेल तर शंभर पावलांवरच्या दोन बोअरचे लॉग जुळत नाहीत.

घनता-न्यूट्रॉनही बेसाल्टमध्ये दगा देतात. वाळूखडकाच्या कणांची घनता २.६५ धरून २.९० घनतेच्या घट्ट बेसाल्टची सच्छिद्रता काढली, तर उत्तर उणे १५ टक्के येते. निदान ही चूक लपत नाही. न्यूट्रॉनची चूक लपते. झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारे खनिज) आणि मातकट खनिजांत बांधलेले पाणी असते, ते न्यूट्रॉन पोकळीतले समजतो आणि कोरड्या थराला भरपूर सच्छिद्रता देतो.

पाषाणाखाली : खान्देशातला तेल-वायूचा खरा प्रश्न या लाव्हाच्या खाली आहे. मध्य प्रदेशातील थुआदरा व सेंधवा येथून तापी ओलांडून सिंदाडपर्यंत घेतलेल्या खोल भूकंपीय सर्वेक्षणाने, तसेच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या पुढील अभ्यासांनी, नर्मदा-तापी पट्ट्यात लाव्हाखाली मध्यजीव काळातील गाळखडक असल्याचे सुचवले. पण बेसाल्टमधून ध्वनिलहरी वेगाने जातात आणि खालच्या गाळखडकात मंदावतात. वरचा वेगवान थर खालच्या मंद थराला झाकतो, त्यामुळे जमिनीवरून त्याची जाडी नेमकी काढता येत नाही. विहिरीतला सोनिक लॉग हा वेग जागेवरच मोजतो. लाव्हा ओलांडून गाळखडकात शिरताच वक्र बदलतो, घनता उतरते, गॅमा वाढू लागतो. असा एक लॉगही साऱ्या परिसराचे भूकंपीय नकाशे नव्याने बेतायला पुरतो. मात्र गाळखडकात आडवा घुसून थिजलेला शिलारसाचा थर, म्हणजे सिलही, लॉगवर लाव्हाच्या थरासारखाच दिसतो. त्यामुळे पहिला बेसाल्ट संपला म्हणजे लाव्हा संपला असे धरता येत नाही.

बेसाल्ट हा केवळ झाकण असतो असेही नाही. गुजरातमध्ये वडोदऱ्याजवळच्या पादरा क्षेत्रात भेगाळ दख्खन बेसाल्टमधून तेल निघते. तिथे आर्चीचे सूत्र जसेच्या तसे चालत नाही, कारण तेल कणांमधल्या पोकळीत नसून भेगांत व झिजलेल्या पट्ट्यांत असते. अशा विहिरीत भिंतीचे विद्युत-चित्र काढणारे लॉग घेऊन भेगांची दिशा व दाटी मोजतात आणि निर्णय प्रत्यक्ष प्रवाह-चाचणीवर सोडतात.