वातानुकूलन कंत्राटदारांचे परवाने (कोकण किनारा)

घर, लॉज, शीतगृह वा कारखान्यात थंडाव्याची किंवा उष्णतेची यंत्रणा बसवणाऱ्याला लागणारे परवाने आणि नोंदण्या. महाराष्ट्रात ‘एसी कंत्राटदार’ या नावाचा स्वतंत्र परवाना नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तो असतो. आपल्याकडे वायरिंग, गॅस, दाबाखालची यंत्रे असे कामाचे तुकडे पडतात आणि प्रत्येकाला वेगळा कायदा लागू होतो. आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हा कसबाचा दाखला आहे, परवाना नव्हे.

यांत सर्वांत मोलाचा परवाना विजेचा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांनुसार वायरिंग नवे टाकणे, वाढवणे किंवा बदलणे हे शासनमान्य विद्युत ठेकेदाराचे काम आहे. त्यावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. दिवा, पंखा, फ्यूज बदलायला सूट आहे. एसीसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढायला नाही. मंजूर भार पुरत नसेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा लागतो.

कोकणात हा नियम कागदापुरता मानणे जिवावर बेतू शकते. इथे बरीच घरे जांभ्याच्या कातळावर आहेत. कातळात अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडण्याचा, खड्डा खोल जात नाही, आणि एसी सर्वाधिक चालतो त्या एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठाक होऊन अर्थिंगचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. त्यातच खारा वारा बाहेरच्या युनिटची जोडणी गंजवतो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात पाणी घालायला विसरलेल्या घरात युनिटच्या पत्र्याला लागलेला हात झटका खाऊ शकतो. परवानाधारकाने मीटर लावून रोध मोजलेला असणे, ही त्या घरातल्या लेकरांची खरी राखण.

यंत्रात थंडावा आणणाऱ्या गॅसच्या बाबतीत कायदा तोकडा आहे. ओझोनच्या थराला घातक गॅसविषयीचे नियम 2000 सालचे. मोठ्या प्रमाणावर सिलिंडर साठवायचे तर गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू होतात आणि परवाना नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्राची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्था देते. मात्र घरोघर गॅस भरणाऱ्यावर प्रमाणपत्राची सक्ती नाही. एसीतला जुना गॅस आर-22 पेट घेत नसे. आताचा आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. गळती शोधायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरला, तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. हे शिकलेल्यालाच गॅसला हात लावू द्यावा. इथे सक्ती यायलाच हवी.

बंदरांजवळच्या मासळी प्रक्रिया केंद्रांत अमोनियावर चालणारी शीतयंत्रे असतात. तिथे कारखान्यांचा कायदा (नोव्हेंबर 2025 पर्यंत कारखाने अधिनियम, 1948; आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020) लागू असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची देखरेख येते. अन्नसाठ्याचा परवाना वेगळा.

खोली गरम करायची वेळ किनाऱ्यावर येत नाही. उष्णतेचे काम म्हणजे गिझर, नाहीतर काजू उकडायचा आणि आंब्याच्या रसाच्या कारखान्यातला बॉयलर. त्याला बॉयलर अधिनियम, 2025 लागू होतो. नोंदणी आणि तपासणी बाष्पके संचालनालय करते आणि दुरुस्तीही मान्यताप्राप्त माणसाकडूनच करून घ्यावी लागते. गावातल्या वेल्डरने नळीला मारलेला टाका तिथे चालत नाही.