आपत्कालीन संपर्कासाठी वेगळं हार्डवेअर का घडवावं लागलं: पार्श्वभूमी

१४ एप्रिल १९१२च्या रात्री ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली, तेव्हा ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज जवळच बर्फामुळे थांबलेलं होतं. त्यावर बिनतारी यंत्र होतं, पण ते सांभाळणारा माणूस एकच, आणि तो नुकताच झोपायला गेला होता. मदतीची हाक हवेत होती, ती ऐकायला कोणी जागं नव्हतं.

चोवीस तास कान लावून बसायचं तर प्रत्येक जहाजावर जादा माणसं नेमावी लागणार. त्यातून ऐकणारं यंत्रच बनवायची कल्पना पुढे आली. संकटातलं जहाज ५०० किलोहर्ट्‌झवर चार-चार सेकंदांचे बारा डॅश (लांब सूर) पाठवी, मध्ये एकेका सेकंदाची फट. दुसऱ्या जहाजावरचं यंत्र त्यांची लांबी मोजी आणि ओळीने काही डॅश मापात बसले की घंटा वाजवी. विजेचा खरखराट किंवा रोजचा मोर्स इतका लांब आणि इतका नियमित नसतो. साध्या रिलेच्या (विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचच्या) सर्किटला खरं आणि खोटं वेगळं करायला लावणारी ही युक्ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हुशार वाटते.

दुसऱ्या महायुद्धात अडचण उलटी होती. समुद्रात पडलेला वैमानिक जखमी, भिजलेला, बहुधा मोर्स न येणारा. जर्मनांनी त्याच्यासाठी हाताने फिरवायचा ट्रान्समीटर केला. तो ब्रिटिशांच्या हाती लागला आणि त्यावरून अमेरिकेचा एससीआर-५७८ तयार झाला. त्याची पेटी कमरेत निमुळती, म्हणजे तराफ्यावर बसून ती मांड्यांमध्ये घट्ट धरता यावी. हँडल फिरवलं की जनित्र वीज करी आणि त्याच फिरण्यावर एसओएस आपोआप जाई. सुमारे ९० मीटर तारेची अँटेना पतंगाने वर चढवायची, वारा नसेल तर फुग्याने. बॅटरी नाहीच, त्यामुळे ती उतरण्याचा प्रश्नही नाही.

१९७२मध्ये अलास्कात अमेरिकेच्या दोन संसद सदस्यांचं विमान नाहीसं झालं, ते आजवर सापडलेलं नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या बहुतेक विमानांना बीकन, म्हणजे संकटात मदतीचा रेडिओ इशारा देणारी छोटी यंत्रं, सक्तीचे झाले. असे इशारे उपग्रहांवरून ऐकणाऱ्या कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचा पहिला उपग्रह १९८२मध्ये सोडला गेला. जुने १२१.५ मेगाहर्ट्‌झचे बीकन नुसता सूर काढत. तो कुणाचा हे कळत नसे आणि खोट्या इशाऱ्यांचा पूर येई. ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन साधारण ५० सेकंदांनी जेमतेम अर्धा सेकंद बोलतो, पण त्यात स्वतःची ओळख सांगतो आणि उरलेला वेळ बॅटरी राखतो. जहाजावरचा बीकन तर जहाज बुडताना चार मीटर खोलीच्या आत पाण्याच्या दाबानेच सुटून वर येतो. जुना सूर ऐकणं उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ला थांबवलं.

याच काळात हौशी रेडिओवाल्यांनीही स्वतःची सर्किटं जोडली. रेडिओवरून मजकूर पाठवणारे पॅकेट कंट्रोलर त्यांनी किटच्या रूपात आपसांत पोचवले. पुढे त्यांच्यातल्या काहींनी तयार वाय-फाय राउटरांत नवं फर्मवेअर (यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) घालून, टॉवर पडले तरी चालणारी मेश जाळी उभी केली, जिच्यात राउटरच एकमेकांकडे संदेश पुढे देतात. आता लोरा बोर्ड, म्हणजे कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ, सहज मिळतात, त्यामुळे रेडिओचा भाग सोपा झालाय. कस लागतो तो बाकीच्यात: पाणी शिरू न देणारं खोकं, दिवसेंदिवस पुरणारी बॅटरी आणि हातमोजे घातलेल्या बोटालाही नेमकं दाबता येईल असं बटण.