भुकटीला दिशा देणारं चुंबक

खडीसाखरेच्या चांगल्या खड्यात सगळे रेणू एकाच मांडणीत बसलेले असतात. पिठीसाखरेतही साखर तीच, पण तिथे लाखो बारीक स्फटिक वाट्टेल त्या दिशांना तोंडं करून पडलेले. घन पदार्थांच्या एनएमआर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स) तपासणीत हा फरक फार महागात पडतो.

एनएमआरमध्ये अणुकेंद्रकं जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवून ती कोणत्या रेडिओ वारंवारतेला प्रतिसाद देतात ते मोजतात. रेणू क्षेत्राशी कोणत्या कोनात आहे, यावर हा प्रतिसाद बदलतो. अ‍ॅलनिन या साध्या अमिनो आम्लातल्या कार्बोक्सिल (आम्लगटातल्या) कार्बनचा संकेत कोनानुसार सुमारे 240 ते 107 पीपीएम (वारंवारतेतला फरक, दहा लाखांत किती भाग) यांच्यामध्ये कुठेही येतो. एकच मोठा स्फटिक हाती असेल, तर तो थोडा थोडा फिरवत संकेत कसा सरकतो ते टिपता येतं आणि कार्बनभोवतीच्या इलेक्ट्रॉनांचं त्रिमितीय चित्र मिळतं. भुकटीत सगळे कोन एकदम येतात आणि उरतो एक पसरट ढीग. नमुना 54.7 अंशांच्या कोनात गरागरा फिरवला की संकेताच्या रेषा बारीक होतात खऱ्या, पण कोनांची माहितीही त्यात पुसली जाते. मोठा स्फटिक वाढवावा म्हटलं, तर कित्येक पदार्थ काही मायक्रोमीटरच्या पुढे वाढतच नाहीत.

क्योतो विद्यापीठातल्या त्सुनेहिसा किमुरा यांच्या गटाने यावर काढलेली वाट मला विलक्षण सुंदर वाटते. अ‍ॅलनिन लोहचुंबकाला चिकटत नाही, पण क्षेत्राला त्याचा होणारा किंचितसा विरोध स्फटिकाच्या प्रत्येक दिशेला थोडा वेगळा असतो. एकट्या रेणूला वळवायला तो पुरत नाही, उष्णतेचे धक्के त्याला सहज भिरकावतात. एक घन मायक्रोमीटरच्या स्फटिकात मात्र हजार कोटींच्या घरात रेणू असतात. सगळ्यांचा जोर एकवटला, की काही टेस्लांच्या क्षेत्रात स्फटिक वळतो.

अडचण पुढेच आहे. स्थिर क्षेत्रात स्फटिकाचा एकच अक्ष जागेवर येतो, त्याभोवती तो मोकळाच राहतो. नमुना एकसारख्या वेगाने फिरवला तर दुसरा एक अक्ष फिरण्याच्या आसाला समांतर होतो, बाकीचे दोन पुन्हा मोकळे. म्हणून नमुना मुद्दाम असमान वेगाने फिरवतात: समोरासमोरच्या दोन दिशांपाशी हळू, मधल्या टप्प्यात झपाट्याने. मग दोन्ही अक्ष बांधले जातात आणि तिसऱ्याला वेगळी जागाच उरत नाही. स्फटिक घट्टसर रेझिनमध्ये मिसळलेले असतात, ते अतिनील प्रकाशाने जागच्या जागी गोठवतात. हा ठोकळा एनएमआरमध्ये एकाच मोठ्या स्फटिकासारखा वागतो. अ‍ॅलनिनवर हे 2012 मध्ये करून दाखवलं गेलं.

मिठासारख्या घनाकृती (क्यूबिक) मांडणीच्या स्फटिकाला सगळ्या दिशा सारख्याच, तिथे चुंबकाला धरायला काही सापडत नाही. शिवाय सगळे स्फटिक अगदी तंतोतंत रांगेत येत नाहीत, त्यामुळे रेषा थोड्या रुंदावतात, आणि रेझिनमधल्या कार्बनचे संकेतही मध्ये येतात. पुढे याच गटाने रेझिन न गोठवता, स्फटिक द्रवात तरंगत असतानाच वर्णपट (संकेतांचा आलेख) घेण्याची पद्धत विकसित केली.