नेटवर्क बिघाडशोध, घरगुती व लघुकार्यालयीन (नागपूर)

घर, दुकान किंवा पाच-दहा संगणकांचे कार्यालय यांतील नेटवर्क बंद पडले, मंदावले किंवा मधूनमधून तुटू लागले, की दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्याची पद्धत. बाहेरून येणारी फायबर (प्रकाशातून संकेत नेणारी काचेची तार), तिच्या टोकाची ओएनटी पेटी (प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारी), राउटर, आतली केबल किंवा वाय-फाय आणि शेवटी संगणक वा मोबाइल असे हे टप्पे. पुष्कळ घरांत ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतात. ‘नेट गेलं’ या तक्रारीत यांपैकी काहीही असू शकते.

पहिला उपाय म्हणून सगळेच जण राउटर बंद करून चालू करतात. त्याने बऱ्याचदा काम भागते, पण दिव्यांची स्थिती, म्हणजे हाती असलेला एकमेव पुरावा, पुसला जातो. बटण दाबण्याआधी मोबाइलवर दिव्यांचा फोटो काढून ठेवलेला बरा. एलओएस (‘लॉस ऑफ सिग्नल’) हा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. घरातल्या कोणत्याही सेटिंगशी त्याचा संबंध नाही. सिमेंट रस्त्याच्या किंवा गटाराच्या खोदकामात फायबर तुटते, कधी ती कपाटामागे जास्त वाकलेली असते. वाक सैल करून पाहावा, नाहीतर तक्रार नोंदवावी. काही ओएनटींच्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. प्रचलित जीपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देणाऱ्या) जोडणीत ती उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) आसपास घसरली, की जोडणी काठावर आलेली असते. टाचणीने दाबायचे रीसेटचे छिद्र मात्र वेगळे प्रकरण आहे. ते दाबले की जोडणीचे नाव आणि पासवर्डही पुसले जातात आणि साध्या बिघाडासाठी नेटवाल्याची वाट पाहत बसावे लागते.

नागपुरात सॉफ्टवेअरवर शंका घेण्याआधी ऊन आणि वीज तपासावी. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असतात. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. इतवारी-गांधीबागेतल्या दुकानात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर, बिलांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलेली पेटी याहून कितीतरी अधिक तापते. लक्षण ठरलेले असते: सकाळी नेट उत्तम, दुपारी दोन ते पाच तुटक, रात्री पुन्हा सुरळीत. संध्याकाळी येणाऱ्या तंत्रज्ञाला दोष सापडत नाही तो यामुळेच. एक दुपार पेटी खाली आणून मोकळ्या हवेत ठेवली की शंका फिटते. कूलरच्या थेट झोतात मात्र ती ठेवू नये, कारण त्या हवेत ओलावा असतो. कूलरचा दुसराही उपद्रव आहे. फायबर खिडकीतून आत घेतात आणि डेझर्ट कूलरही खिडकीतच बसतो. त्यामुळे राउटर त्याच्या पत्र्याआड आणि पाण्याच्या टाकीआड जातो. धातू वाय-फायचे तरंग अडवतो, पाणी ते शोषते. हिवाळ्यात बेडरूमपर्यंत पोहोचणारे वाय-फाय एप्रिलमध्ये कमजोर का पडले, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

वीज गेली की इन्व्हर्टर लागतो, पण तो साध्या मोडवर असेल तर मधल्या क्षणार्धात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटे नेट नसते. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असतो, तो लावावा. नाहीतर राउटरसाठीचा छोटा यूपीएस बसवावा. अडॅप्टरही पाहावा. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिनेने जुळतो, व्होल्टही तेच असतात, पण अँपिअर कमी असतात. दिवे लागतात आणि चार मोबाइल जोडले की पेटी आपोआप रीस्टार्ट होते.

यानंतर पत्त्यांची, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या आयपी क्रमांकांची, पाळी. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. केबल किंवा राउटर पाहावा. पत्ता योग्य असेल तर समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारा पिंग हा आदेश वापरतात, जो माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. आधी राउटरला, म्हणजे सहसा १९२.१६८.१.१ ला, मग ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) आणि मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करावे. पहिले उत्तर आले नाही तर दोष सहसा घरातच. पहिले आले पण दुसरे नाही, तर बाहेरच्या जोडणीत. दोन्ही आली आणि नाव तेवढे सापडत नसेल, तर डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत.

रामदासपेठेतल्या एखाद्या सीएच्या कार्यालयात सर्वांत फसवा बिघाड दिसतो. वाय-फाय कोपऱ्यात पोहोचत नाही म्हणून कोणी घरचा जुना राउटर आणून लॅन पोर्टमध्ये (आतल्या केबलच्या खाचेत) जोडतो. आता पत्ते वाटणारे दोघे झाले. निम्म्या संगणकांना एकाकडून पत्ते मिळतात, निम्म्यांना दुसऱ्याकडून. प्रिंटर काहींना दिसतो, काहींना नाही, आणि कोणाला दिसेल हे रोज बदलते. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरमधील डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करून त्याला वेगळा, न भिडणारा पत्ता देणे. राउटर बदलल्यावर ‘नेट आहे, पण टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा उघडत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा विंडोजने नव्या नेटवर्कला पब्लिक ठरवून फाइल शेअरिंग बंद केलेले असते. प्रोफाइल प्रायव्हेट केले की डेटा उघडतो.

महालातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय फारसे पार होत नाही. तिथे महागड्या राउटरपेक्षा आतपर्यंत ओढलेली केबल स्वस्त आणि खात्रीची. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये अडचण शेजाऱ्यांच्या वाय-फायची असते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात. त्यांतला मोकळा निवडून चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

केबलचे दोष कमी बोलके असतात. गिगाबिट वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. त्यामुळे उंदराने उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार कुरतडली तरी नेट चालू राहते, वेग मात्र अचूक १०० मेगाबिटवर अडतो. एकाच केबलची दोन्ही टोके एका साध्या स्विचमध्ये (संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीत) खोचली गेली, तर सगळे दिवे एकदम भरभर लुकलुकतात आणि अख्खे कार्यालय ठप्प होते. गच्चीवरून शेजारच्या इमारतीत नेलेली तांब्याची केबल जूनच्या विजांत दोन्हीकडचे पोर्ट जाळू शकते. अशा ठिकाणी फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचे आणि विजेचे संकेत एकमेकांत बदलणारी पेटी) बसवतात. ते होईपर्यंत ढग गडगडू लागण्याआधीच केबल काढून ठेवावी.