सुतारकामातली धूळ आणि मास्कची निवड

लाकडाची धूळ नाकात आणि फुफ्फुसात जाऊ नये म्हणून वर्कशॉपमध्ये जे मास्क किंवा रेस्पिरेटर वापरतात, त्यातला आपल्या कामाला कुठला योग्य हे ठरवणं म्हणजे श्वसनसंरक्षणाची निवड. बहुतेकजण सुरुवात "एन९५ घेऊ की पी१००" इथूनच करतात, पण फिल्टर किती कण अडवतो हे सांगणारा हा नंबर नंतरचा मुद्दा आहे. आधी बघायचं ते मास्क चेहऱ्याला चारी बाजूंनी घट्ट बसतो का आणि काम संपेपर्यंत तोंडावर टिकतो का, कारण कडेच्या फटीतून आत येणारी हवा फिल्टरमधून जातच नाही, मग फिल्टर कितीही भारी असू दे.

धोका नेमका कशाचा आहे ते आधी बघू. रंध्याचे छिलके आणि करवतीचा जाड भुसा दिसतो, लगेच खाली पडतो आणि झाडून निघतो. पण सँडर (घासायचं मशीन), राऊटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) आणि पॉलिश पेपरने जी बारीक पूड उडते ती तासन् तास हवेत तरंगत राहते आणि डोळ्याला नीट दिसतही नाही. साधारण १०० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण नाकातोंडातून आत जाऊ शकतात, १० च्या खालचे छातीत उतरतात आणि ४ च्या आसपासचे किंवा त्याहून बारीक थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. म्हणून "फक्त बारीक धूळच वाईट" असं लोक म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे, कारण लाकडाच्या धुळीशी ज्या कॅन्सरचा संबंध पक्का सिद्ध झालाय तो नाकाचा आणि सायनसचा आहे आणि नाकात अडकतात ते मोठे कण. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध गावातल्या कामगारांमध्ये हा एरवी अगदी दुर्मिळ असलेला कॅन्सर १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आला, आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते असं ठरवून तिला पहिल्या गटात टाकलं. ओक आणि बीचसारख्या कठीण लाकडांच्या बाबतीत पुरावा सगळ्यात भक्कम आहे. हा आजार दिसायला कित्येक दशकं लागतात, त्यामुळे "इतकी वर्षं काही झालं नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही. दमा आणि ॲलर्जी मात्र लवकर कळतात, वेस्टर्न रेड सीडरचा दमा तर नावाजलेलाच आहे, सागवान आणि शिसवाने काहींना त्वचेचा त्रास होतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनने चिकटवून दाबलेला बोर्ड, कापताना अतिशय बारीक धूळ निघते आणि तिच्यासोबत तो फॉर्मल्डिहाइडवाला रेझिनही येतो.

आता फिल्टर. मास्कचं कापड चाळणीसारखं काम करतं असा समज आहे, पण धाग्यांवर विजेचा भार दिलेला असतो आणि कण त्याकडे ओढले जाऊन चिकटतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड, त्याहून मोठे आणि त्याहून लहान दोन्ही सोपे जातात, म्हणून चाचणी त्याच आकारावर घेतात. अमेरिकन पद्धतीत एन९५ म्हणजे त्या चाचणीत किमान ९५ टक्के कण अडवणारा आणि पी१०० म्हणजे ९९.९७ टक्के. एन म्हणजे तेलकट तुषारांसाठी नाही, पी म्हणजे तिथेही चालतो. युरोपियन पद्धतीत एफएफपी१ ला ८०, एफएफपी२ ला ९४ आणि एफएफपी३ ला ९९ टक्के. सँडिंगच्या धुळीचं बरंचसं वजन ०.३ पेक्षा खूप मोठ्या कणांचं असतं, त्यामुळे साधा एन९५ सुद्धा फिल्टर म्हणून पुरेसा दमदार आहे. मास्क धुवायचा मात्र नाही, धुतल्याने तो भार जातो.

पण खरी गंमत संरक्षण गुणांकात आहे. अमेरिकन नियमांत नीट बसलेल्या एन९५ ला १० गुणांक देतात, म्हणजे आतली धूळ बाहेरच्या एक दशांश धरायची, आणि पी१०० फिल्टर लावलेल्या रबरी हाफ मास्कलाही (फक्त नाक-तोंड झाकणारा, फिल्टर बदलता येणारा) तोच १०! कारण दोन्हीकडे कमजोर कडी फिल्टरची नाही, चेहऱ्यालगतच्या सीलची आहे. म्हणून कानाला अडकवायच्या दोऱ्यांचा मास्क टाळा, डोक्यामागून जाणारे दोन पट्टे हवेत. सर्जिकल मास्क, रुमाल आणि एका पट्ट्याचा पातळ डस्ट मास्क याला संरक्षण म्हणूच नये. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची, मग हाताने मास्क झाकून जोरात श्वास सोडून आणि घेऊन बघायचं. चष्म्यावर वाफ आली तर वरून हवा निसटतेय. दाढी असेल, अगदी एक-दोन दिवसांचे खुंट असले तरी सील बिघडतं.

रोज तासन् तास काम असेल तर सिलिकॉनचा हाफ मास्क परवडतो, एकदा घेतला की नुसते फिल्टर बदलायचे, श्वासही हलका वाटतो. साईझ लहान, मध्यम, मोठा अशा असतात, चेहऱ्यावर लावूनच घ्यावा. दाढी काढायची नसेल किंवा दिवसभर मास्क सहन होत नसेल तर पंख्याने गाळलेली हवा सैल हूडमध्ये सोडणारा बॅटरीवरचा रेस्पिरेटर हाच उपाय, त्याचा गुणांक २५. महाग आहे, जड आहे, पण कामभर अंगावर राहतो, आणि कपाटात ठेवलेल्या पी१०० पेक्षा तो हजार पटीने बरा.

मास्क ही शेवटची फळी आहे हेही ठामपणे सांगायला हवं. मशीनलाच जोडलेलं, धूळ जागीच ओढून घेणारं डस्ट एक्स्ट्रॅक्शन आधी, हवा खेळती ठेवणं त्यानंतर, मास्क त्याच्याही नंतर. ब्रिटनमध्ये ८ तासांच्या सरासरीने कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा दर घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम आहे, युरोपियन युनियनमध्ये २०२३ पासून २, आणि उघड्यावर सँडर चालवला की हे आकडे सहज ओलांडले जातात. मशीन बंद झालं की लगेच मास्क काढतात तेही चूक, धूळ तेव्हा हवेतच असते. कॉम्प्रेसरने कपडे आणि टेबल उडवणं तर थांबवाच, चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा.

धुळीचा फिल्टर वाफ अडवत नाही. लॅकर, थिनर, पॉलिश मारताना पी१०० लावूनही वास येतो तो याचमुळे, तिथे सॉल्व्हेंटच्या वाफेसाठीचं कोळशाचं कार्ट्रिज लागतं, फवारणी असेल तर त्यावर धुळीचा फिल्टरही. दोन घटक मिसळून मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) फिनिशची फवारणी वेगळीच, त्यात आयसोसायनेट नावाची घातक रसायनं असतात आणि त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारी यंत्रणा हवी. धुळीचा फिल्टर श्वास जड झाला, ओला झाला किंवा फाटला की बदलायचा. कोळशाचं कार्ट्रिज मात्र उघड्यावर नुसतं पडून असलं तरी संपत जातं, त्यामुळे काम झालं की हवाबंद डब्यात ठेवायचं आणि उघडल्याची तारीख त्यावर लिहायची.