'दोनादो' म्हणजे सालदार नव्हे

संत मार्टिन दे पोरेस म्हटलं की हातातला झाडू आठवतो. चित्रांतही तोच असतो. तो झाडू त्यांच्या हाती आला कसा, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

जन्म 1579 चा, पेरूतल्या लिमाचा. वडील स्पॅनिश उमराव, आई गुलामीतून सुटलेली आफ्रिकी वंशाची. बाराव्या वर्षी ते न्हाव्याच्या हाताखाली शिकायला लागले. तेव्हाचा न्हावी दाढी करायचा, तसंच रक्त काढायचा, जखमाही बांधायचा.

1594 च्या सुमारास ते डॉमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात गेले. त्यांच्यासारख्या मिश्र रक्ताच्या माणसाला संघात पूर्ण प्रवेश नव्हता. म्हणून ते 'दोनादो' झाले, म्हणजे व्रतं न घेता मठात राहून झाडलोटीसारखी कामं करणारे. घोळ या शब्दाचा आहे. मराठीत कोणी 'नोकर' म्हणतं, कोणी 'सेवेकरी'. आपल्या खानदेशात पटकन समजावं म्हणून 'सालदार'ही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सालदार म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी. तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो. पैसे, धान्य, कपडे आधी बोलून घेतो, आणि डोक्यावर उचल नसेल तर पुढच्या आखाजीला दुसरा मालक धरतो. दोनादोला बोलीही नाही नि आखाजीही नाही. मूळ अर्थ 'दिलेला'. 'वाहिलेला' म्हणावं तर नवसापोटी देवाला सोडलेली मुरळी आठवते. तिला कोणी विचारलेलं नसतं. मार्टिन आपल्या पायांनी गेले होते. तेव्हा 'वाहून घेतलेला' हाच शब्द खरा. पण वरची पायरी त्यांना बंद होती, हेही त्याच दमात सांगायला हवं. ते गाळून नम्रतेचा धडा दिला, की समोर बसलेल्या शेतमजुराला 'खाली मान घालून राहा' एवढंच ऐकू येतं.

1603 मध्ये त्यांना बंधू म्हणून व्रतं घेऊ दिली. रुग्णखोली त्यांच्याकडेच होती. 3 नोव्हेंबर 1639 ला ते गेले. 1837 मध्ये त्यांना धन्य घोषित केलं, ही संतपदाआधीची पायरी, तेव्हा पेरूत गुलामगिरी कायदेशीर होती. ती 1854 ला उठली. संतपद मिळायला 1962 उजाडलं. 

त्यांच्याबद्दल सांगतात ती एक गोष्ट मला झाडूपेक्षा मोलाची वाटते. बाहेरचे रोगी मठात आणू नयेत अशी ताकीद असताना, रस्त्यावर रक्ताळून पडलेल्या एका माणसाला त्यांनी उचलून स्वतःच्या खोलीत आणलं. वरिष्ठांनी खडसावलं, तेव्हा त्यांनी माफी मागितली आणि नम्रपणे विचारलं, आज्ञेपेक्षा दया मोठी नाही का? त्यानंतर त्यांना मोकळीक मिळाली.